थंडीतला दुसरा गिअर

आपल्या बेटावर संक्रांतीचा तिळगूळ खाताना आम्हांला दर वर्षी हसू येते. जानेवारी म्हणजे येथे ऐन उन्हाळा. कपाळावरून घामाच्या धारा वाहत असतात, रेडिओवर चक्रीवादळाच्या सूचना चालू असतात, आणि हातात मात्र कडाक्याच्या थंडीत अंगात ऊब आणणारे तीळ व गूळ! कोकणातून आलेल्या आपल्या पूर्वजांनी देव आणले, सण आणले, आणि त्यांबरोबर तिकडचे ऋतूही मनात बांधून आणले. ऋतू काही त्यांच्या मागून गलबतात चढले नाहीत. तिळगुळाचे एक ठीक आहे. तो उन्हाळ्यात खाल्ल्याने कोणाचे नुकसान होत नाही. पण एका मुलखातला सल्ला दुसऱ्या मुलखात जसाच्या तसा पाठवला तर तो किती महाग पडतो, याचा धडा आम्हांला गेल्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी मिळाला. धडा देणारा गुरू होता एका जुन्या मोटारीचा दुसरा गिअर. त्याविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

आमचा भाचा इंग्लंडात शेफील्ड शहरी एका रुग्णालयात परिचारकाचे काम करतो. हे शहर टेकड्यांवर वसलेले आहे. घराबाहेर पडले की एक तर चढ, नाही तर उतार. पहाटेच्या पाळीला वेळेवर पोचता यावे म्हणून त्याने पैसे साठवून बारा वर्षांची जुनी गाडी घेतली. पाच गिअरची, हाताने गिअर बदलायची. ऑक्टोबरात त्याचा फोन आला. "मामा, गिअरबॉक्समधून घरघर येते. काय करू?"

आता मामा पडले शिक्षक. विचारले की सांगितलेच पाहिजे, ही आमच्या धंद्याची खोड. शिवाय आमच्या स्वतःच्या गाडीची घरघर आम्ही एकदा बंद केलेली होती. आमच्या गावच्या मिस्त्रींनी गिअरबॉक्समधले पातळ तेल काढून त्यात चांगले जाड तेल घातले, आणि गाडी गप्प झाली. तोच उपाय आम्ही मोठ्या ऐटीत भाच्याला सांगितला. "अरे, जाड तेल घाल. आवाज पळून जाईल." मुलाने मामाचा शब्द खाली पडू दिला नाही. एका रविवारी मित्राला हाताशी धरून त्याने जुने तेल काढले आणि ८५ डब्ल्यू-१४० क्रमांकाचे तेल भरले. आवाज खरोखरच कमी झाला. आम्ही घरात चार वेळा त्याची बढाई मारली.

मग जानेवारी आला. आमची शाळा नुकतीच उघडली होती. मधल्या सुटीत फोन वाजला. आपल्याकडे सकाळचे दहा, म्हणजे तिकडे सहा. भाच्याचा आवाज कापत होता. पारा उणे चार अंशांवर होता. घरापासून थोड्याच अंतरावर चढ लागला. पहिल्या गिअरवर गाडी ओरडू लागली म्हणून त्याने दुसरा टाकायला घेतला, तो पडेना. त्याने जोर लावला, पडेना. शेवटी दांड्याला हिसका दिला, तेव्हा खर्रकन आवाज होऊन दांडा न्यूट्रलमध्येच राहिला आणि गाडी उतारावर मागे सरकू लागली. मागे एक व्हॅन उभी होती. ब्रेक वेळेवर लागला आणि व्हॅनवाला सावध होता, म्हणून निभावले. गाडी कडेला लावून मुलगा त्या अंधारात पायी कामावर गेला. "मामा, रागवू नका," एवढेच तो म्हणाला. आम्ही कशाला रागावणार? वर्गात परत गेलो, पण त्या दिवशी मुलांना काय शिकवले ते आम्हांला आठवत नाही.

पुढे तेथल्या मेकॅनिकने गिअरबॉक्स उघडला. दुसऱ्या गिअरचे पितळी कडे झिजून गेले होते आणि दात टोचले गेले होते. दुरुस्तीला मुलाच्या महिन्याच्या घरभाड्याहून अधिक पैसे लागले. दोष कोणाचा? थंडीचा नव्हे, कारण थंडी तेथे दर वर्षी पडते. गाडीचाही नव्हे. दोष होता आमच्या सल्ल्याचा. हे येथे मोकळेपणी कबूल करतो, कारण आपल्यापैकी कित्येकांची मुले आज थंड देशांत आहेत, आणि आपण सारे त्यांना लोणच्याच्या बरणीबरोबर सल्लेही पाठवत असतो.

आमचे आजचे म्हणणे दोन वाक्यांत सांगता येईल. थंडीत गिअर अडला तर त्याला जोर नको, वेळ हवा. आणि मोटार शिकवणाऱ्याने 'कसे' सांगण्याआधी 'का' सांगितलेच पाहिजे. अध्यापकाच्या प्रशिक्षणात आम्हांला पहिल्याच वर्षी हे घोकवून घेतले होते. वर्गात आम्ही ते पाळतो. मोटारीच्या बाबतीत विसरलो.

म्हणून आधी 'का' पाहू. आमच्या शाळेच्या पटांगणात मुली दोरीच्या उड्या खेळतात. दोघी दोरी फिरवतात आणि तिसरी आत शिरते. शिरणारी मुलगी एकदम धावत नाही. ती बाजूला उभी राहून दोरीची लय पाहते, अंग त्या लयीत हलवते आणि मगच आत जाते. लय जुळण्याआधी शिरली तर दोरी पायात अडकते. गिअरबॉक्समध्ये हेच चालते. फिरणारे दोन भाग एकमेकांत गुंतवायचे असतात, आणि दोघांचा वेग सारखा असल्याशिवाय ते गुंतत नाहीत. हे वेग जुळवून देणारी युक्ती म्हणजे सिंक्रोमेश. कॅडिलॅक कंपनीने ती १९२८ साली बाजारात आणली. तिच्यात एक निमुळते पितळी कडे असते. दांडा सरकवला की ते कडे गिअरच्या निमुळत्या भागावर घासते आणि घर्षणाने दोघांचा वेग एक करते. वेग जुळेपर्यंत ते दात पुढे जाऊ देत नाही. दांडा अडल्यासारखा लागतो तो याचमुळे. ते कडे आपल्याला सांगत असते, "थांबा, लय जुळायची आहे."

आता थंडी यात कोठे येते? घर्षण हवे तर मधला तेलाचा पातळ थर पिळून बाहेर जायला हवा. त्यासाठी कड्यावर बारीक खाचा पाडलेल्या असतात. तेल ऊन असले की ते क्षणात निघून जाते. तेल गारठले की घट्ट होते. साखर कारखान्यातली काकवी आपण सर्वांनी पाहिली आहे. ताजी, गरम काकवी पाण्यासारखी धावते आणि तीच थंड झाली की चमच्यावरून उतरायला मागत नाही. तसे घट्ट तेल कड्याखालून लवकर सरकत नाही, कडे घसरत राहते, वेग जुळायला उशीर होतो. आपण मात्र रोजच्याच घाईने दांडा ढकलतो. त्या घाईत दात दातांवर आपटतात, आणि तोच तो खर्र आवाज.

मग दुसराच गिअर अधिक का अडतो? येथे थोडे गणित करू, वाचकांनी कंटाळू नये. समजा, पहिल्या गिअरचे प्रमाण ३.५ आहे आणि दुसऱ्याचे २. लहान गाड्यांत ते साधारण असेच असते. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असताना आपण पहिल्यातून दुसऱ्यात गेलो, तर गिअरबॉक्सच्या शाफ्टला २००० वरून सुमारे ११५० पर्यंत उतरावे लागते. म्हणजे साडेआठशे फेऱ्यांचा फरक त्या एका कड्याने मिटवायचा. हीच बदली ४००० फेऱ्यांवर केली तर फरक सतराशेच्या घरात जातो. उलट, तिसऱ्याचे प्रमाण १.३ आणि चौथ्याचे १ धरले तर २००० फेऱ्यांवर फरक साडेचारशेच्या आसपासच राहतो. म्हणून चौथा लोण्यासारखा पडतो आणि दुसरा रुसतो. एवढे गणित आमच्या भाच्याला ठाऊक असते तर त्याने त्या चढावर गाडीला ओरडू दिले नसते. सपाटीवरच, इंजिन शांत असताना, हळूच दुसरा टाकला असता.

तेलाच्या क्रमांकाचाही उलगडा करायला हवा, कारण आमचे पाप तेथेच आहे. डब्यावर ७५ डब्ल्यू-९० किंवा ८५ डब्ल्यू-१४० असे लिहिलेले असते. डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतले वागणे सांगतो, नंतरचा आकडा तापल्यानंतरचा जाडपणा सांगतो. ठरलेल्या मोजणीत ७५ डब्ल्यू तेल उणे ४० अंशांपर्यंत घट्टपणाची एक मर्यादा ओलांडत नाही, ८० डब्ल्यू उणे २६ पर्यंत, आणि ८५ डब्ल्यू केवळ उणे १२ पर्यंत. आणि ही मर्यादाही बेअरिंग तेलावाचून जळू नये इतपतची आहे, गिअर हलका पडावा यासाठी ती नव्हे. म्हणजे उणे चारला ८५ डब्ल्यू-१४० हे तेल गाडीला चालण्यापुरते चालेल, पण त्यात पितळी कड्याने काय करावे? मॉरिशसच्या उन्हात ते शोभले. शेफील्डच्या जानेवारीत ती काकवीच झाली. शिवाय तेलाला जीएल-४, जीएल-५ असे वर्गही असतात. जीएल-५ मधली काही द्रव्ये काही गाड्यांच्या पितळी कड्यांना मानवत नाहीत. म्हणून गाडीच्या पुस्तकात जे तेल लिहिले असेल तेच घालावे. मामाने काय सांगितले, ते त्या पुस्तकानंतर.

फोन आला त्याच संध्याकाळी आम्ही मिस्त्रींकडे गेलो. ते आता थकले आहेत, पण तरुणपणी ऊस वाहणाऱ्या लॉरी त्यांनी बरीच वर्षे चालवल्या आणि दुरुस्त केल्या. आमची हकीकत ऐकून ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या गाडीला मी ते तेल घातलं ते इथल्या हवेसाठी. आणि खरं सांगू का, तेव्हाही रोग बरा नव्हता झाला, नुसता आवाज दडपला होता. तुम्ही तेच औषध पोराला पाठवलंत?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. मग त्यांनी जुन्या गाड्यांच्या गोष्टी काढल्या. आपल्या बेटावर एके काळी जिकडे तिकडे मॉरिस मायनर दिसत. तिच्या पहिल्या गिअरला शेवटपर्यंत सिंक्रोमेश आले नाही. मिनी गाडीच्या चारही गिअरांना ते मिळाले १९६८ साली, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्याच वर्षी. तोवरच्या चालकांना लय स्वतःच्या पायाने जुळवावी लागे. क्लच दाबून न्यूट्रलमध्ये यायचे, क्लच सोडायचा, पुन्हा दाबायचा, मग गिअर टाकायचा. खालचा गिअर हवा असेल तर मधे न्यूट्रलमध्ये अॅक्सिलरेटरला हलकासा स्पर्श करायचा. याला ते डबल क्लच म्हणतात. "यंत्रानं ते काम अंगावर घेतलं," मिस्त्री म्हणाले, "आणि माणसं विसरली. थंडीत यंत्राची ताकद कमी पडते, तेव्हा माणसानं थोडं करावं, इतकंच."

हे शब्द मनात ठेवून गेल्या डिसेंबरात शाळेला सुटी लागताच आम्ही शेफील्डला गेलो. भाच्याने विम्याच्या कागदांवर आमचे नाव घातले आणि गाडी आमच्या हाती दिली. गाडीत आता पुस्तकात लिहिलेले ७५ डब्ल्यूचे तेल होते. आपल्या क्युरपिपला जुलैत धुके पडते, रात्री पारा १५ अंशांच्या खाली जातो, खोबरेल तेलाची बाटली गोठते, आणि आपण त्याला थंडी म्हणतो. तिकडची पहाट पाहिली आणि आमचे ते म्हणणे आम्ही मागे घेतले. काचेवर बर्फाचा थर, दाराचे हँडल बोटांना चावणारे, आणि गिअरचा दांडा हातात धरला तर जणू चिखलात रोवलेली काठी.

तेथे पंधरवडाभर रोज पहाटे गाडी काढून आम्ही जे शिकलो ते असे. इंजिन सुरू करताना क्लच पूर्ण दाबावा. त्यामुळे गिअरबॉक्समधले घट्ट तेल ढवळण्याचा भार स्टार्टरवर पडत नाही. इंजिन सुरू झाल्यावर, न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक लावलेला असताना, क्लच हळूच सोडावा आणि काचा खरवडून होईपर्यंत तसाच सुटा ठेवावा. त्याने आतला शाफ्ट फिरतो आणि तेल थोडे हलते. उभ्या गाडीत पहिला पडत नसेल तर आधी दुसऱ्याकडे दांडा नेऊन मग पहिल्यात आणावा. बहुधा पडतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना घाई नको. क्लच पुरता दाबून दांडा न्यूट्रलपर्यंत आणावा, मनात 'एक' म्हणावे, आणि मग दोन बोटांनी दुसऱ्याच्या तोंडाशी टेकवून धरावा. ढकलू नये, नुसता टेकवावा. अर्ध्या-एका क्षणात तो आपणहून आत जातो. न गेला तर न्यूट्रल, क्लच सोडा, पुन्हा दाबा, पुन्हा प्रयत्न करा. आणि एरवी हात दांड्यावर विसावून ठेवू नये. त्या वजनाने आतला काटा झिजतो.

तिसऱ्या दिवशी आमच्या हाताला ते कळले. पहिले दोन दिवस भाचा शेजारी बसून म्हणत होता, "मामा, हळू. मामा, थांबा." आयुष्यभर दुसऱ्यांना थांबा म्हणणाऱ्या माणसाला ते ऐकायला कसे वाटते, हे त्या दोन दिवसांत समजले.

काही जणांचे मत असे की, निघण्याआधी पंधरा-वीस मिनिटे इंजिन चालू ठेवले की सगळे ठीक होते. आमच्या मते हे बरोबर नाही. इंजिन त्याने तापेल, पण गिअरबॉक्सचे तेल मुख्यतः गाडी चालल्यानेच तापते. समोरच्या तबकडीतला काटा इंजिनाच्या पाण्याची ऊब दाखवतो. गिअरबॉक्सचा काटा तेथे नसतो. काटा वर आला म्हणून निश्चिंत होऊन जोरात गिअर मारणारे तेथेच फसतात. शिवाय ब्रिटनच्या 'हायवे कोड' या सरकारी पुस्तकात उभ्या गाडीचे इंजिन सार्वजनिक रस्त्यावर विनाकारण चालू ठेवू नये असे बजावले आहे. चावी लावून माणूस घरात चहाला गेला तर चोराची सोय होते ती वेगळीच. काचा पूर्ण साफ होताच निघावे आणि पहिले काही मैल गाडीला हळू न्यावे, हाच चांगला मार्ग.

याच पुस्तकात बर्फासंबंधी जे सांगितले आहे तेही प्रत्येक पालकाने आपल्या मुलाला वाचायला लावावे. बर्फाळ रस्त्यावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकते. तेथे शक्य तितक्या वरच्या गिअरमध्ये, सावकाश जावे, ब्रेक आणि अॅक्सिलरेटर अगदी अलगद वापरावे. म्हणजे सपाट बर्फावर निघताना पहिल्याऐवजी दुसरा गिअर चांगला, कारण पहिल्याच्या जोराने चाके जागीच फिरतात. मोठा उतार असेल तर मात्र उताराच्या आधीच खालचा गिअर घ्यावा, म्हणजे इंजिन गाडीला आवरते. शेफील्डहून मँचेस्टरच्या बाजूला डोंगरातून जाणारा स्नेक पास नावाचा रस्ता आहे, तो तर बर्फ पडले की बंदच ठेवतात. आम्हांला तो पाहायची फार हौस होती. भाच्याने नेले नाही. त्याचे बरोबरच होते.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. हे सर्व उपाय गाडी गारठलेली असतानाचे. पुष्कळ अंतर चालून गाडी तापल्यावरही गिअर अडत असेल, खरखरत असेल, तर तो थंडीचा दोष नव्हे. क्लच पुरता सुटत नसेल, तेल कमी झाले असेल किंवा कडे झिजले असेल. तेव्हा सबुरीचा उपदेश उपयोगाचा नाही, मेकॅनिक गाठावा. घरघरीलाही हेच लागू. आवाज दाबणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, हे आमच्या मिस्त्रींचे वाक्य आम्ही आता कोणालाही सल्ला देण्यापूर्वी स्वतःला ऐकवतो.

कोणी म्हणेल, गुरुजी, आता हा खटाटोप कशाला? आपल्याकडे जपानहून येणाऱ्या पुष्कळशा गाड्या आपोआप गिअर बदलतात. विजेच्या गाड्यांत तर गिअर बदलण्याचा प्रश्नच नाही. उद्या कोण क्लच दाबणार आहे? या म्हणण्यात तथ्य आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण 'उद्या' आणि 'आज' यांत आपली मुले उभी आहेत. परदेशात नवीन गेलेल्या मुलाच्या खिशाला परवडते ती दहा-बारा वर्षांची जुनी गाडी, आणि ब्रिटनमध्ये अशा गाड्यांत हाती गिअरच्या अजून भरपूर आहेत. शिवाय तेथला नियम असा की, आपोआप गिअरच्या गाडीवर परीक्षा दिली तर परवाना तेवढ्याच गाड्यांचा मिळतो. हाती गिअरवर दिली तर दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात. म्हणजे जो हाती गिअर शिकला त्याला दोन दारे उघडी, न शिकला त्याला एक.

आणि जे शिकवले जाते ते कसे? आमच्या पाहण्यात तरी शिकणाऱ्याला परीक्षेपुरते शिकवले जाते. क्लच दाब, दांडा ओढ, क्लच सोड. दांड्याखाली काय चालले आहे हे कोणी सांगत नाही, आणि मुलेही विचारत नाहीत. उन्हाळी बेटावर ते खपून जाते, कारण आपले हवामान चुका पोटात घालते. उणे चारची पहाट त्या पोटात घालत नाही. पाठांतर करून उत्तीर्ण झालेला विद्यार्थी प्रश्न जरा फिरवून विचारला की गडबडतो, हे आम्ही वीस वर्षे वर्गात पाहत आलो आहोत. चढावर अडलेला दुसरा गिअर हा असाच फिरवून विचारलेला प्रश्न होता. आमच्या भाच्याला उत्तर आले नाही, कारण त्याला सांगणाऱ्याला, म्हणजे आम्हांला, ते येत नव्हते.

म्हणून मोटार शिकवणाऱ्या बंधूंना आमची विनंती आहे की, त्यांनी एक तास, केवळ एक तास, गिअरबॉक्स कसा चालतो हे सांगण्यासाठी राखून ठेवावा. चित्र काढता आले तर काढावे, नाही तर दोरीच्या उड्या दाखवाव्यात. डबल क्लच एकदा तरी करून घ्यावा. परीक्षेत तो विचारत नाहीत म्हणून शिकवू नये, असे नाही. परीक्षेत न विचारलेल्या किती गोष्टींवर आपला संसार चालतो!

आणि पालकांना, मामा-काकांना, आत्या-मावश्यांना सांगणे असे की, परदेशी मुलाचा फोन आला तर लगेच उपाय सांगू नये. आधी विचारावे, "तिकडे हवा कशी आहे? गाडीच्या पुस्तकात काय लिहिले आहे? तेथल्या जाणत्या माणसाला विचारलेस का?" मुलगा आपल्यावरच्या आदरापोटी आपले ऐकतो. त्या आदराची जबाबदारी आपल्यावर आहे. "मला ठाऊक नाही, बाळा, तू तेथे विचार," हे वाक्य उच्चारायला आमच्यासारख्या गुरुजींना जड जाते. पण त्या व्हॅनवाल्याने त्या पहाटे ब्रेक लावला नसता तर आज आम्ही हा लेख लिहायला बसलो नसतो, एवढे आम्हांला पक्के कळले आहे.

यंदाच्या संक्रांतीला भाच्याला तिळगूळ पाठवला. त्याचा फोन आला, "मामा, इथे बाहेर बर्फ आहे, तिळगूळ अगदी वेळेवर पोचला." गाडीचे विचारले. म्हणाला, "दुसरा पडतो. तुम्ही शिकलात तसाच, एक म्हणून." आम्ही यावर काही सल्ला दिला नाही.